खाडीत शिरलेला परका शिंपला काढून टाकता येतो का?

वेंगुर्ल्याकडच्या एका मच्छीमार घरातल्या तरुणाने हा प्रश्न विचारला आहे. केरळच्या अष्टमुडी सरोवरात अमेरिकेकडचा एक शिंपला शिरला आणि तिथल्या तिसऱ्यांच्या, म्हणजे खाण्याच्या लहान शिंपल्यांच्या, जागा व्यापू लागला, असं त्याने ऐकलं. तोच शिंपला उद्या आमच्या खाडीत आला, तर गावाने मिळून तो काढून टाकता येईल का? की सरळ बाजारात आणून खाऊनच संपवावा?

पहिल्या काही आठवड्यांत तो कुणाच्या नजरेस पडला आणि तिथलं पाणी अडवता येत असेल, तर काढता येतो. ती वेळ टळली की कोकणातल्या उघड्या खाडीतून त्याला समूळ घालवणं माझ्या मते शक्य नाही. गावाचे कष्ट आणि सरकारचा पैसा मग समूळ उच्चाटनाच्या मागे घालवू नये. आपल्या मोलाच्या तेवढ्या जागा राखाव्यात. मी असं का म्हणते ते सविस्तर सांगते, कारण ‘सगळे मिळून उपटून टाकू’ या उत्साहाने उलटा परिणाम झाल्याची चांगली अभ्यासलेली उदाहरणं आहेत.

आधी हा पाहुणा कोण ते पाहू. त्याचं शास्त्रीय नाव मायटेला स्ट्रिगाटा. मूळचा मध्य आणि दक्षिण अमेरिकेच्या किनाऱ्यांवरचा. ब्राझीलमध्ये त्याला सुरुरू म्हणतात आणि तिथे तो आवडीने खाल्ला जातो. गेल्या दशकात तो फिलिपिन्स, सिंगापूर आणि थायलंडमध्ये आढळला. आपल्याकडे कोची आणि अष्टमुडीच्या बॅकवॉटरमधल्या नोंदी २०१९ मध्ये प्रसिद्ध झाल्या. अष्टमुडी २००२ पासून रामसर स्थळ, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ जागा, आहे, आणि तिथल्या तिसऱ्यांच्या मासेमारीला २०१४ मध्ये शाश्वत मासेमारीचं एमएससी प्रमाणपत्र मिळालं, असं प्रमाणपत्र मिळवणारी ती भारतातली पहिली मासेमारी. तिसरी चिखल-वाळूत रुतून बसते आणि नळ्या वर काढून पाणी गाळते. मायटेला मात्र केसांसारख्या बारीक धाग्यांनी एकमेकांना आणि मिळेल त्या वस्तूला चिकटतो. खांब, दोर, बोटीचं बूड, दुसऱ्याचा शिंपला, काहीही चालतं. बघता बघता तळावर त्याचा गालिचा पसरतो आणि खालच्या जिवांचं पाणी आणि अन्न तुटतं.

अशा जिवांचं बळ तीन गोष्टींत असतं : खारट-गोड दोन्ही पाणी सोसणं, लहान वयात पिल्लावळ सुरू करणं आणि माणसाने बांधलेल्या कठीण पृष्ठभागांचा फायदा उठवणं. कोकणच्या खाडीत पहिला गुण फार महत्त्वाचा ठरतो. जून-जुलैत वरून गोड पाण्याचा लोंढा येतो, क्षारता कोसळते, आणि खाऱ्या पाण्याला सरावलेले बरेच स्थानिक जीव मरतात किंवा तोंडाकडे सरकतात. पाऊस ओसरल्यावर खांब आणि खडक मोकळे असतात. जो तगून राहिला, त्याला ती सगळी जागा आयती मिळते.

आणि परका शिंपला उद्या येणार, हे गृहीतच अर्धवट आहे. त्याचा एक दूरचा सोबती कधीच येऊन बसलाय. मायटिलॉप्सिस सॅलेई हा कॅरिबियन बाजूचा चिमुकला शिंपला १९६७ मध्ये विशाखापट्टणमच्या बंदरात आढळला आणि १९७० च्या दशकात मुंबई बंदरातही त्याची नोंद झाली. नखाएवढा जीव, पण एकावर एक थर चढवत जातो. पाणी आत घेणारे पाइप, बोटींची बुडं, गोदीच्या भिंती सगळं भरून टाकतो. मुंबई बंदरात काम केलेल्या कुणालाही तो दाखवला, तर नाव माहीत नसलं तरी चेहरा ओळखीचा वाटेल.

याच मायटिलॉप्सिसला ऑस्ट्रेलियाने एकदा संपूर्ण हरवलं, आणि समुद्री आक्रमकांविरुद्धच्या मोजक्या पूर्ण विजयांपैकी तो एक आहे. १९९९ च्या मार्च महिन्याच्या अखेरीस डार्विन शहराच्या कलन बे मरीनात, म्हणजे बोटी उभ्या करायच्या छोट्या बंदरात, पाणबुड्यांना तो सापडला. सहा महिन्यांपूर्वी त्याच जागी पाहणी झाली होती, तेव्हा तो नव्हता. तेवढ्या अवधीत त्याने काही ठिकाणी चौरस मीटरला हजारोंनी गर्दी केली होती. लगेच शोध घेतला, तर शहरातल्या आणखी दोन मरीनांतही तो निघाला. सरकारने काही दिवसांत मरीना बंद केल्या, तिथून बाहेर पडलेल्या बोटी माग काढून तपासल्या, आणि पाण्यात दीडशे टनांहून जास्त ब्लीच आणि कित्येक टन मोरचूद ओतलं. द्राक्षबागेवर बोर्डो मिश्रण फवारणारा आपला शेतकरी जे मोरचूद ओळखतो, तेच. साधारण चार आठवड्यांत शिंपला संपला. त्याबरोबर त्या मरीनांमधलं इतर जीवनही गेलं. खर्च झाला २० लाख ऑस्ट्रेलियन डॉलरहून जास्त.

ही कथा सांगताना तत्परतेचं कौतुक होतं, आणि ते व्हायलाच हवं. मला मात्र त्यातला दरवाजा जास्त महत्त्वाचा वाटतो. डार्विनला भरती-ओहोटीतला फरक आठ मीटरपर्यंत जातो. ओहोटीला बोटी चिखलात बसू नयेत म्हणून तिथल्या मरीनांना पाणी कोंडून ठेवणारे दरवाजे आहेत. दरवाजे लावल्याबरोबर मरीनाची टाकी झाली, म्हणून ब्लीच टिकलं. मुंबईच्या इंदिरा डॉकसारख्या दरवाजाच्या गोदीत असा उपाय निदान कल्पनेत तरी बसतो. कर्ली, आचरा, विजयदुर्ग किंवा जैतापूरच्या खाडीत तो बसत नाही. तिथे दिवसातून दोनदा भरती येते आणि दोनदा ओहोटी लागते. ओतलेलं औषध सहा तासांत समुद्रात जाईल, आणि जाता जाता तिसऱ्या, कालवं, चिंबोऱ्या, कोळंबीची पिल्लं घेऊन जाईल.

जागा लहान आणि वेळ लवकरची असेल तर काय साधतं, हे कॉलेर्पा टॅक्सिफोलिया या शेवाळाने दोन टोकांनी दाखवलं. मत्स्यालयांत शोभेसाठी वाढवलेली ही हिरवी पिसासारखी वनस्पती १९८४ मध्ये मोनॅकोच्या सागरी संग्रहालयाखालच्या समुद्रात दिसली, तेव्हा तिचा पसारा सुमारे एक चौरस मीटर होता. दोघांनी एका सकाळी हातांनी उपटली असती. ते झालं नाही. ही कुणाची जबाबदारी यावर वाद चालू राहिला, आणि ती भूमध्य समुद्रात हजारो हेक्टरांवर पसरली. तीच वनस्पती जून २००० मध्ये कॅलिफोर्नियात कार्ल्सबादच्या अगुआ हेडिओंडा लगूनमध्ये, म्हणजे समुद्राला जोडलेल्या उथळ खाऱ्या तळ्यात, सापडली. तिथल्या यंत्रणांनी प्रत्येक पुंजक्यावर ताडपत्री अंथरली, कडा दाबल्या, खाली क्लोरीन सोडलं आणि मग वर्षानुवर्षं पाणबुडे फिरवून उरलेसुरले तुकडे शोधले. २००६ मध्ये तिचं उच्चाटन झाल्याचं जाहीर झालं. त्यालाही ७० लाख डॉलरच्या घरात खर्च आला.

आता ज्या उदाहरणासाठी मी मुख्यतः हे लिहायला बसले, ते. प्राणी शिंपल्याचा नाही, खेकड्याचा आहे, पण गावाने मिळून काढू या विचाराची इतकी कसून परीक्षा दुसरीकडे क्वचितच झाली असेल.

युरोपियन हिरवा खेकडा, कार्सिनस मीनास. अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावर तो १९ व्या शतकाच्या सुरुवातीलाच पोहोचला होता. पश्चिम किनाऱ्यावर सॅन फ्रान्सिस्को उपसागरात १९८९ च्या सुमारास दिसला आणि तिथून उत्तरेला सरकत २०२२ मध्ये अलास्कापर्यंत गेला. शिंपले फोडून खाण्यात हा पटाईत, म्हणून शिंपल्यांवर जगणारे लोक त्याला घाबरून असतात. सॅन फ्रान्सिस्कोच्या उत्तरेला स्टिन्सन बीच इथे सीड्रिफ्ट नावाचं एक कृत्रिम लगून आहे. चारही बाजूंनी घरं, घरांच्या मागे पाण्यात उतरणारे धक्के, आणि शेजारच्या बोलिनास लगूनशी पाण्याची मर्यादितच ये-जा. म्हणजे प्रयोगाला याहून सोयीची जागा मिळणं कठीण. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या डेव्हिस शाखेतले सागरी परिसंस्थातज्ज्ञ एडविन ग्रोशोल्झ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००९ मध्ये तिथे खेकडे काढायला सुरुवात केली. आमिष लावून सापळे टाकायचे, पकडलेले खेकडे मोजायचे आणि बाहेर न्यायचे. कामाला स्थानिक रहिवासी आणि स्वयंसेवक होते.

सुरुवातीला लगूनमध्ये सुमारे १ लाख २५ हजार खेकडे असावेत असा त्यांचा अंदाज होता. २०१३ पर्यंत आकडा १० हजारांच्या खाली आला. नव्वद टक्क्यांहून जास्त घट. कुठल्याही सरकारी अहवालात याला यश म्हटलं गेलं असतं आणि सत्कार झाले असते. एका वर्षानंतर, २०१४ मध्ये, त्या लगूनमध्ये सुमारे ३ लाख खेकडे होते. मोहीम सुरू होण्याआधी होते त्याच्या दुपटीहून जास्त.

पहिली शंका अशी येते की, त्या वर्षी समुद्रातूनच जास्त पिल्लं आली असतील. ती त्यांनाही आली होती. म्हणून त्यांनी आसपासच्या इतर चार उपसागरांचे आकडे ताडून पाहिले. तिथे असा स्फोट झालेला नव्हता. कारण लगूनच्या आतच होतं. हिरव्या खेकड्याचे मोठे नर-माद्या आपल्याच जातीची पिल्लं खातात. सापळ्यात सापडतात ते प्रामुख्याने मोठे, कारण आमिषावर तेच आधी झडप घालतात आणि जाळीच्या भोकांतून लहान सुटून जातात. मोठे काढले की पिल्लांचा सगळ्यात मोठा शत्रू नाहीसा होतो. मग आलेली पिढी जवळजवळ सगळीच जगते. ग्रीक पुराणातल्या बहुमुखी सर्पावरून शास्त्रज्ञ याला हायड्रा परिणाम म्हणतात. मराठी माणसाला देवीच्या कथेतला रक्तबीज लगेच आठवेल. २०२१ मध्ये हा अभ्यास अमेरिकेच्या राष्ट्रीय विज्ञान अकादमीच्या नियतकालिकात प्रसिद्ध झाला.

मला या अभ्यासाबद्दल मनापासून आदर आहे. आपली मोहीम फसली हे त्यांनी आकड्यांसह छापलं. परके जीव काढण्याच्या मोहिमा जगभर चालतात, पण काढल्यानंतरच्या वर्षी काय झालं हे मोजण्यासाठी पैसा क्वचितच ठेवलेला असतो. सीड्रिफ्टमध्ये मोजणी २०१३ ला थांबली असती, तर आज तीच मोहीम आदर्श म्हणून शिकवली गेली असती आणि दहा ठिकाणी तिची नक्कल झाली असती.

त्यातून त्यांनी काढलेला निष्कर्ष आपल्या कामाचा आहे. शेवटचा खेकडा निघेपर्यंत झटण्याऐवजी संख्या अशा पातळीला आणून ठेवायची की, स्थानिक जीव तग धरतील आणि मोठे नर-माद्या पुरेसे उरल्याने पिल्लांवर अंकुशही राहील. प्रत्येक जागेची ती पातळी वेगळी, आणि ती मोजूनच कळते. यासाठी ‘कार्यात्मक उच्चाटन’ असा शब्दप्रयोग ते करतात. म्हणजे प्राणी आहे, पण नुकसान करण्याइतका नाही.

शिंपल्याला हे जसंच्या तसं लागू होत नाही. मायटेला आपल्या पिल्लांची शिकार करत नाही. पण काढण्याच्या कामाचे त्याचे स्वतःचे धोके आहेत. खांबावरचा शिंपल्यांचा थर खरवडला की खाली कोरी जागा तयार होते, आणि पाण्यात त्याच जातीच्या अळ्या तरंगत असतील तर ती जागा सगळ्यात आधी त्याच पकडतात. दुसरं, दोन झडपांच्या पुष्कळ जिवांना धक्का बसला, खरवडले गेले, पाणी एकदम तापलं किंवा गोडं झालं, की ते त्याच क्षणी अंडी आणि वीर्य पाण्यात सोडतात. ऐन प्रजननाच्या हंगामात पाण्याखाली खरवडणं म्हणजे आपल्याच हाताने पेरणी करणं. शिवाय तुटलेले पुंजके ओहोटीबरोबर वाहत जातात आणि जिथे अडकतील तिथे नवी वस्ती करतात. म्हणून खरवडायचंच असेल तर ओहोटीला, उघड्या पडलेल्या भागावर, खाली ताडपत्री धरून करावं, आणि निघालेला माल भरतीच्या रेषेच्या वर नेऊन उन्हात वाळवावा.

ग्रोशोल्झ यांचाच आणखी एक अभ्यास मी विद्यार्थ्यांना नेहमी वाचायला देते. सीड्रिफ्टच्या उत्तरेला बोडेगा हार्बर आहे. तिथे जेम्मा जेम्मा नावाची पूर्व किनाऱ्याची इवलीशी तिसरी कालवांच्या व्यापाराबरोबर पश्चिम किनाऱ्यावर आलेली होती. कित्येक दशकं ती गुपचूप, थोड्या संख्येने राहिली. तिला धोकादायक म्हणायचं कारणच नव्हतं. १९९० च्या दशकात हिरवा खेकडा तिथे पोहोचला. त्याला मोठे घास आवडतात, म्हणून त्याने तिथल्या मूळ तिसऱ्या खाऊन त्यांची संख्या पार खाली आणली. त्यांच्याशी चाललेली स्पर्धा संपली आणि इतकी वर्षं दबून असलेली जेम्मा भराभर वाढली. एका नव्या परक्याने जुन्या परक्याला वाट करून दिली.

हे वाचल्यावर आपल्या बंदरांकडे पाहायची नजर बदलते. आपल्या किनाऱ्यावर हजारो वर्षं गलबतं येत आहेत. चौल, दाभोळ, गोवा ही काही कालची बंदरं नाहीत, आणि लाकडी जहाजाच्या बुडाला चिकटून काय काय आलं याची नोंद कुणी ठेवलेली नाही. त्यामुळे कित्येक जातींबद्दल त्या मूळच्या इथल्या की आलेल्या हे ठामपणे सांगताच येत नाही. अमेरिकी शास्त्रज्ञ जेम्स कार्लटन यांनी १९९६ मध्ये अशा अनिश्चित जातींचा वेगळा गट मानावा असं सुचवलं, आणि भारतीय किनाऱ्याला ते तंतोतंत लागू आहे. निरुपद्रवी दिसतोय म्हणून एखाद्या परक्या जिवाकडे काणाडोळा करू नये. तो कशामुळे दबलेला आहे, हे आपल्याला बहुधा माहीत नसतं.

आता येण्याच्या वाटा. पहिली जहाजांच्या समतोल पाण्याची. रिकामं जहाज डोलू नये म्हणून टाक्यांत समुद्राचं पाणी भरतात आणि माल चढवायच्या बंदरात ते सोडतात. त्या पाण्यात अळ्या असतात. यातून एक साधा हिशेब निघतो जो बंदरांवरच्या चर्चेत फारसा ऐकू येत नाही. माल बाहेर पाठवणाऱ्या बंदरात जहाजं रिकामी येतात, म्हणून परकं पाणी तिथे जास्त सांडतं. लोहखनिजाच्या तेजीत मुरगावचं हेच होतं. कोळसा उतरवणाऱ्या जयगडसारख्या बंदरात जहाज भरलेलं येतं आणि जाताना आपलं पाणी घेऊन जातं. मुंबई बंदर या विषयावरच्या जागतिक प्रकल्पातल्या पहिल्या सहा बंदरांपैकी एक होतं, आणि गोव्यातल्या दोना पावलाच्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेने तिथल्या जिवांची पायाभूत पाहणी केली. समतोल पाण्याचा आंतरराष्ट्रीय करार २००४ मध्ये झाला आणि ८ सप्टेंबर २०१७ पासून अमलात आला. त्यातल्या मानकानुसार, सोडलेल्या एका घनमीटर पाण्यात ५० मायक्रॉन (मिलिमीटरचा विसावा भाग) किंवा त्याहून मोठे जिवंत जीव दहापेक्षा कमी असायला हवेत.

वेंगुर्ल्याला किंवा मालवणला मात्र मोठी जहाजं लागत नाहीत. तिथे मला बोटींच्या बुडाची जास्त काळजी वाटते. केरळ, कर्नाटक, गोवा, कोकण असा मासेमारी बोटींचा वावर सतत चालू असतो. महिनोन्‌महिने पाण्यात उभ्या असलेल्या बोटीचं बूड, सुकाणूची फट आणि नांगराचा दोर या शिंपल्यांच्या आवडीच्या जागा. कोचीहून एक लांब उडी मारण्याऐवजी तो बंदर-बंदर करत येईल, असं मी धरून चालते.

त्यातच आपल्याकडे एक चांगली संधी दर वर्षी आपोआप येते. पश्चिम किनाऱ्यावर १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद असते. बोटी वर ओढल्या जातात, शाकारल्या जातात, बूड खरवडून रंग लागतो. त्या खरवडीचं काय होतं ते पाहा. बहुतेक ठिकाणी ती तिथेच पडते आणि पहिल्या मोठ्या भरतीत खाडीत जाते. ती खरवड एका बाजूला गोळा करून वाळवणं किंवा पुरणं एवढ्याने एक वाट बऱ्यापैकी बंद होते. त्यात पाहण्यासारखं काय आहे हेही तेव्हाच कळतं. बाहेरगावच्या बोटीवरची खरवड तर मी आवर्जून चाळते.

तिसरी वाट माणूस मुद्दाम उघडतो. कप्पाफायकस हे आग्नेय आशियातलं लाल शेवाळ १९९० च्या दशकात तमिळनाडूत मंडपमला प्रयोगासाठी आणलं गेलं, नंतर त्याची व्यापारी शेती झाली, बचत गटांना त्यातून पैसाही मिळाला. २००८ मध्ये मन्नारच्या आखातातल्या कुरुसडाई बेटाजवळ ते जिवंत प्रवाळांवर चढलेलं आढळल्याचं प्रसिद्ध झालं. व्हेनामी ही परदेशी कोळंबी आणताना निदान चेन्नईतल्या विलगीकरण केंद्राची चाळणी लावली गेली. एका राज्यातून दुसऱ्या राज्यात जाणाऱ्या बियाण्याला ती नाही. सिंधुदुर्गात खाडीतल्या शिनाण्यांच्या (खडकाला चिकटून वाढणाऱ्या खाण्याच्या शिंपल्यांच्या) आणि कालवांच्या शेतीला गेल्या काही वर्षांत चालना मिळाली आहे आणि ती योग्यच आहे. पण शिनाण्यांचं बी केरळातून आणायचा विचार कुणी करत असेल, तर कृपा करून करू नये. बोटाच्या पेराएवढ्या बियांच्या गुच्छात मायटेलाची चार पिल्लं असली, तर सरावलेल्या माणसालाही ती वरवर पाहून दिसत नाहीत. आपल्याच खडकांवरचं बी घ्यावं, थोडं कमी मिळालं तरी.

शिनाण्यांचा विषय निघालाच आहे तर सांगते, आपण ज्यावर लिंबू पिळून खातो ती हिरवी शिनाणी अटलांटिकपलीकडे आक्रमक ठरली आहे. १९९० च्या सुमारास त्रिनिदादला आणि १९९९ मध्ये फ्लोरिडातल्या टॅम्पा उपसागरात ती सापडली, तिथे वीजकेंद्राच्या पाणी घेणाऱ्या मार्गात ती बसली होती. इथे तिला खाणारे खेकडे, मासे आणि माणसं आहेत, तिथे तिचा हिशेब चुकता करणारं कुणी नव्हतं.

मग ‘खाऊन संपवा’चं काय? मायटेला खाण्याजोगा आहे, ब्राझील त्याला साक्ष आहे. तरी दोन गोष्टींमुळे मी याची जाहिरात करणार नाही. हे शिंपले बंदरात, सांडपाण्याच्या तोंडाशी जोमाने वाढतात आणि पाणी गाळताना त्यातले जड धातू व जंतू अंगात साठवतात, म्हणजे जिथे ते सगळ्यात सहज मिळतील तिथलेच सगळ्यात धोक्याचे. दुसरी गोष्ट जास्त गंभीर. एकदा का त्याला भाव आला, की तो टिकावा असं काही लोकांना वाटू लागतं, आणि ज्या खाडीत तो नाही तिथे दोरावर लावून पाहायचा मोह होतो. तिसऱ्यांच्या पट्ट्यावरून काढलेला माल स्वच्छ पाण्यातला असेल तर खुशाल खावा, पण काठावरच उकडून मग घरी न्यावा. जिवंत पिशवी एका खाडीतून दुसऱ्या खाडीकडे जाऊ देऊ नये.

काढण्याची ताकद कुठे लावायची, हाही निर्णय गावाने आधी घ्यायला हवा. आख्खी खाडी साफ करायला निघालात तर दमून जाल आणि दुसऱ्या वर्षी कुणी येणार नाही. तिसऱ्यांचे दोन-तीन चांगले पट्टे, कालवांचा एखादा खडक आणि कांदळवनाच्या कडेची पिल्लं वाढणारी उथळ जागा निवडा, आणि तेवढ्याच दर उधाणाच्या ओहोटीला तपासा. शेजारचा एक पट्टा तसाच न काढता ठेवा. तो नसेल तर आपल्या कष्टाने फरक पडला की पावसाने, हे कधीच कळणार नाही.

पाळत ठेवायला फार खर्च लागत नाही. आम्ही वापरतो ती पद्धत अशी : हातभर रुंदीहूनही लहान, साधारण १४ सेंटिमीटर चौरस पीव्हीसीची पाटी विटेला बांधायची आणि जेटीच्या खाली मीटरभर खोल, तळाकडे तोंड करून टांगायची. तीन महिन्यांनी वर काढायची. आधी तिच्यावर बुळबुळीत थर येतो, मग बार्नकलचे पांढरे सुळके, ब्रायोझोआ या चिमुकल्या जिवांच्या जाळीदार वसाहती, आणि शेवटी शिंपल्यांची पिल्लं. माझ्या मते कोकणात पावसाआधी मे महिन्यात आणि पाऊस गेल्यावर ऑक्टोबर-नोव्हेंबरात निघणारी पाटी सगळ्यात बोलकी असते. मच्छीमार सोसायटीच्या प्रत्येक जेटीखाली अशी एक पाटी असावी, ही माझी फार दिवसांची इच्छा आहे.

ओळख पटवायची खूण आतल्या बाजूला असते. शिंपला उघडा, मांस काढा, आणि दोन्ही शिंपांच्या टोकदार कोपऱ्यात पाहा. तिथे आडवी, नखाच्या कापेएवढी एक फळी दिसली तर तो मायटिलॉप्सिस असण्याची दाट शक्यता. शिनाण्यात आणि मायटेलात ती फळी नसते. लहान शिनाण्याची कड हिरवी आणि आतली बाजू निळसर पांढरी चमकते. मायटेला बाहेरून काळपट किंवा तपकिरी, कधी पट्ट्यापट्ट्यांचा, आणि आतून बऱ्याचदा जांभळट असतो. रंगावर पूर्ण भिस्त ठेवू नका, तो फार बदलतो. नक्की करण्यासाठी नमुना तज्ज्ञाच्या हातात जावा लागतो.

तसा काही सापडला तर आधी जागेवर नाणं ठेवून फोटो काढा, जवळून एक आणि आजूबाजूचा परिसर दिसेल असा एक. आठ-दहा शिंपले, लहान-मोठे दोन्ही, बाटलीत घाला आणि बुडतील इतकं स्पिरिट ओता. फॉर्मलीन नको, त्यात डीएनए खराब होतो. स्पिरिट नसेल तर फ्रीजरमध्ये ठेवा. बाकीचे पाण्यात परत टाकू नका. रत्नागिरीजवळ शिरगावचं मत्स्य महाविद्यालय, वन विभागाचा कांदळवन कक्ष, केंद्रीय सागरी मत्स्यिकी संशोधन संस्थेचं मुंबई केंद्र किंवा दोना पावलाची समुद्रविज्ञान संस्था, यांपैकी जे जवळ असेल तिथे लगेच कळवा, आणि एका ठिकाणी उत्तर आलं नाही तर दुसऱ्या ठिकाणी. जागा, तारीख, भरती की ओहोटी, कशाला चिकटला होता आणि किती दाट होता, हे कागदाच्या तुकड्यावर पेन्सिलीने लिहून तो तुकडा बाटलीच्या आतच टाका. पेनाची शाई स्पिरिटमध्ये विरघळते, आणि बाहेर लावलेली चिठ्ठी ओल्या हातात टिकत नाही.